नाय म्हणजे नाय

तंजावरात भाड्याचं घर शोधताना पहिला घात माझ्याच जिभेनं केला. घरमालकांनी दारातच विचारलं, "नाय इरुक्का?" मी जन्मानं लालबागचा. इतक्या लांब कुणीतरी आपल्या बोलीत बोलतंय म्हणून ऊर भरून आला आणि मी मान हलवत ठणकावलं, "नाय, नाय!"

तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. त्यांनी विचारलं होतं, कुत्रा आहे का? मी सांगितलं, दोन आहेत. दार लागलं. खरं तर एकच आहे, मोत्या, आणि तो त्या वेळी रिक्षात माझ्यापेक्षा शहाण्यासारखा गप्प बसला होता.

दुसऱ्या घरी कायदा घेऊन गेलो. कुत्रा पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 सालीच सांगून ठेवलंय. मालकांनी कागद शांतपणे वाचला. "असोसिएशन बंदी घालतच नाही सार. मी घालतो." मग अडव्हान्सचा विषय निघाला: दहा महिन्यांचं भाडं. तमिळनाडूचा 2017चा भाडेकायदा म्हणतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत नको. त्या 'वेगळं काही ठरलं नसेल तर' मध्ये अख्खं तंजावर ऐसपैस राहतं.

तिसऱ्या घरी "प्युअर व्हेज?" असा प्रश्न आला. मोत्या दहीभात खातो, असं मी शपथेवर सांगितलं. मालकीणबाईंच्या मागे भिंतीवर भैरवाची तसबीर होती. भैरवाशेजारी त्याचं वाहन उभं होतं, त्यालाही ताज्या जास्वंदीचा हार. "पण भुंकतो ना?" बाई म्हणाल्या. तसबिरीतला भुंकत नव्हता, हे मान्य करावं लागलं.

सगळ्या मालकांची मूळ तक्रार मात्र एकच: "आत घेतलं की बाहेर निघत नाही, आणि भिंती खराब करतं." हे ऐकून मी खाली मान घातली. कुत्र्यामुळे नव्हे, भोसले या आडनावामुळे. या गावाला त्याचा अनुभव आहे. विजापूरकरांनी व्यंकोजीराजे भोसल्यांना इथं पाठवलं ते नायकांच्या वारसाला त्याची गादी परत मिळवून द्यायला. राजांनी ती दिली, आणि 1676च्या सुमारास स्वतःच तिच्यावर बसले. अडव्हान्स नाही, अकरा महिन्यांचा करार नाही, मुक्काम पावणेदोनशे वर्षं. भिंतींचं म्हणाल, तर 1803 साली भोसल्यांनी आपला कुळवृत्तांत बृहदीश्वराच्या आठशे वर्षं जुन्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. खिळा ठोकू नये म्हणणाऱ्या मालकाला हे सांगून बघा. मोत्यानं आजवर फार तर एक पायपुसणं फाडलंय.

त्याआधीच, 1799च्या तहानं, ईस्ट इंडिया कंपनीनं भोसल्यांच्या राज्याचा कारभार घेतला आणि सरफोजीराजांकडे किल्ला व आसपासचा मुलूख ठेवला. स्वतःच्या राजवाड्यात भाडेकरू! त्यांनी मात्र मन रमवलं, सरस्वती महाल ग्रंथांनी भरला, मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल जपले, धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचीही सोय केली. 1855मध्ये पुरुष वारस नाही म्हणून कंपनीनं खालसाची नोटीस काढली. एवढ्या घडामोडींत कुत्र्यांचा हात कुठंच दिसत नाही. तरी चौकशी त्यांचीच.

कुत्र्यांचा मानही होतो, पण जातिवंतांचा: टपाल खात्यानं 2005 साली राजपालयम आणि मुधोळ कुत्र्यांची तिकिटं काढली. मोत्या गावठी, त्याला तीही आशा नाही.

शेवटी घर मिळालं ते जुन्या पेठेत, घरात दक्षिणी मराठी बोलणाऱ्या एका आजोबांचं. त्यांना मी घाबरतच सांगितलं, कुत्रा आहे. आजोबांनी मोत्याला बघितलं, मग मला, आणि विचारलं, "ह्यातलं भाडं कोण देणार?"

करारात अठरा कलमं होती, बारावं भिंतींवर लिहिण्याबद्दल. मी खाली सही केली. मोत्यानं बाहेर जाऊन फाटकाच्या खांबावर केली. मोडीतच असावी. आजोबांनी चष्मा लावून पाहिली, पण त्यांनाही लागली नाही.