77 टनांचा किस्सा

मी प्रवासाला जातो तो परत येऊन सांगण्यासाठी. पाहण्याचं खातं हिच्याकडे असतं. त्यामुळे मुलीची पर्थहून ॲडलेडला बदली झाली आणि गाडी ट्रकवर चढवून पाठवायचं घाटू लागलं, तेव्हा मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "गाडी आम्ही आणतो." 2700 किलोमीटर! आकडा उच्चारतानाच मला सोसायटीच्या कट्ट्यावरचे निवृत्त चेहरे दिसू लागले, सगळे माझ्याकडे वळलेले. जावई म्हणाला, "बाबा, मधे काहीच नाहीये हो." जावई आयटीतला. त्याला किस्स्यांतलं काय कळणार?

पण खरोखरच काही नव्हतं. नॉर्समन सोडलं की पुढचं नाव घेण्याजोगं गाव सेडुना, सुमारे 1200 किलोमीटरवर. मधे नुसती रोडहाऊस. पेट्रोल, चहा आणि झोपायला खोली देणारं दुकान, तेच नकाशात गाव म्हणून छापलेलं. खंबाटकी, कशेडी, वरंध पालथे घातलेल्या माणसाने इथे करायचं काय? हॉर्न वाजवायला कारण नाही. ओव्हरटेक करायला गाडी नाही, आणि भेटलीच तर 36 मीटर लांबीची रोड ट्रेन. आमच्याकडे एवढ्या लांबीत वरात मावते. या हायवेवर काही ठिकाणी रस्ताच रुंद करून पट्टे मारलेत. गरज पडली की फ्लाइंग डॉक्टरचं विमान तिथेच उतरतं. म्हणजे रस्त्यावर विमान उतरू शकतं, तरी ट्रॅफिक जॅम होत नाही. पुण्यात हे सांगितलं तर लोक माझे बाकीचे किस्सेही खोटे मानतील.

समोरून बऱ्याच वेळाने एखादी गाडी आली की तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तेवढाच रामराम. मी मात्र प्रत्येकाला सगळा पंजा दाखवून हात हलवत होतो.

"अहो, तुम्ही निवडून आलेले नाही," ही म्हणाली.

रस्त्याचं नाव आयर हायवे. एडवर्ड आयर 1841 साली याच किनाऱ्याने मरत-मरत पश्चिमेला पोचला. शेवटपर्यंत त्याच्या सोबत होता तो वायली नावाचा आदिवासी तरुण. रस्त्याला नाव मात्र एकट्या आयरचं. ही माहिती मी फार रंगवून सांगितली. हिने "हं" म्हटलं. ते "हं" जरा लांबलं.

माझी सगळी मदार होती बॅलडोनियावर. कारण तिथे स्कायलॅब आहे.

1979 साली जे शाळेत जाण्याइतके मोठे होते त्यांना पुढचं सांगायला नको, पण मी सांगणार. अमेरिकेची 77 टनांची अंतराळ-प्रयोगशाळा खाली येत होती आणि नेमकी कुठे पडणार ते नासालाही सांगता येत नव्हतं. आमच्या कराडजवळच्या गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याच गावात. त्यातही पाटलांच्या मते पाटलांच्या वाड्यावर, कारण एवढी परदेशी वस्तू ऐऱ्यागैऱ्याच्या छपरावर कशाला पडेल? आजोबांनी विचार केला, मरायचंच आहे तर उपाशीपोटी नको, आणि कोंबडा कापला. 11 जुलैच्या रात्री सगळ्यांनी रस्सा ओरपला आणि देवाचं नाव घेऊन आडवे झाले. सकाळी रेडिओ म्हणाला, ऑस्ट्रेलियात पडली. आजोबा जिवंत, आजी जिवंत, कोंबडा तेवढा गेला. आजी त्यांना मरेपर्यंत म्हणत राहिली, "त्या स्कायलॅबमध्ये आपलं एकच माणूस दगावलं."

हा किस्सा मी बारशात, लग्नात, निरोपसमारंभात आणि एकदा तेराव्याला सांगितलाय. मूळ कोंबडा एक होता. नोकरीत कायम झालो तेव्हा दोन झाले. मुलीच्या साखरपुड्यापर्यंत एक बोकडही कापला गेला होता. ही दर वेळी शेजारी बसून बरोबर जागी हसते. आकडा वाढला की फक्त माझ्याकडे बघते.

इकडच्या लोकांनी काय केलं माहितीये? एस्परन्सच्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलर दंड ठोकला. तो 2009 साली एका अमेरिकन रेडिओ-निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. स्टॅन थॉर्नटन नावाचा 17 वर्षांचा पोरगा घराजवळ सापडलेले तुकडे घेऊन थेट सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या वर्तमानपत्राने लावलेलं 10,000 डॉलरचं बक्षीस घेऊन आला. आमच्या कोंबड्याची भरपाई कोणीही दिलेली नाही.

तर बॅलडोनियाच्या रोडहाऊसमधलं ते छोटं संग्रहालय. तिथे आमच्याच वयाचं एक ऑस्ट्रेलियन जोडपं भेटलं. निवृत्तीनंतर कॅरव्हॅन जोडून देशभर भटकणारी अशी जोडपी या रस्त्यावर खूप. मला श्रोते मिळाले होते, आणि तेही प्रत्यक्ष घटनास्थळी! मी इंग्रजीत सुरुवात केली. इंग्रजीत कोंबडे तीन झाले. हशा मिळाला. मग त्या बाईंनी हिच्याकडे वळून विचारलं, तुम्ही कुठे होता त्या रात्री?

"मला इंग्रजी येत नाही" असं गेली कित्येक वर्षं सांगणारी माझी बायको बोलू लागली. साधी, छोटी वाक्यं. मी नऊ वर्षांची होते. कणकवलीजवळ. वडील मुंबईला गिरणीत. ते शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे. पावसाळ्यात मधे कोणी चाकरमानी येत नाही, पगार कापतात. पण त्या दिवशी भर पावसात संध्याकाळच्या एसटीने बाबा उतरले. आई घाबरली, नोकरी गेली की काय. ते म्हणाले, पडायचीच असेल तर सगळे एका जागी असलेले बरे. रात्रभर आम्हा तिघा भावंडांना धरून ते पडवीत बसले. सकाळी बातमी आली आणि ते दुपारच्या गाडीने परत गेले.

"मी खूप रडले," ही म्हणाली, "ती इथे पडली म्हणून."

त्या बाईंनी हिचा हात हातात घेतला. काउंटरवरून हिच्यासाठी केकचा तुकडा आणला. मला हशा मिळाला होता, हिला केक.

बॅलडोनिया सोडल्यावर थोड्या वेळाने पाटी लागते: पुढे 146.6 किलोमीटर वळण नाही. या सरळ रस्त्यावर टाकायला मी वाक्यं तयार करून आणली होती. एकही टाकलं नाही. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. माझे सासरे मला आठवतात ते 1982 च्या संपानंतर कायमचे गावी आलेले, कमी बोलणारे, ओटीवर पान लावत बसणारे गृहस्थ. त्यांनाही मी कोंबड्याचा किस्सा ऐकवला होता. दोनदा. ते हसले होते.

"इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस," मी शेवटी म्हणालो.

"तुमचं संपल्यावर पानं घ्यायची असायची."

यावर काय बोलणार? रस्ता सरळ होता. गाडी चालवण्यात गुंतलोय असंही दाखवता येईना.

कायगुनाला थांबलो. इथून पुढे घड्याळ 45 मिनिटं पुढे करायचं असतं. तासाचा हिशेब या भागाला मान्य नाही. सेडुनाच्या नाक्यावर ताजी फळं काढून घेतात म्हणून ही उरलेली लिंबं संपवायच्या मागे लागली होती. पोह्यांवर लिंबू, काकडीवर लिंबू, माझ्या चहातही लिंबू. मी तो चहा मुकाट्याने प्यायलो. मग जरा अंदाज घेत म्हणालो, "कट्ट्यावर तुझा किस्सा सांगू का?"

हिने लिंबू पिळता पिळता विचार केला. "सांगा. पण एसटी एकच होती. एकच ठेवायची."

"कशेडी घाटात पंक्चर झाली असेल ना?"

"नाही झाली."

"निदान ड्रायव्हरला झोप वगैरे?"

"बाबा आले, बसले, गेले. यात काही घालायचं नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला बहुधा दया आली. "पाऊस होता," ती म्हणाली. "तो हवा तेवढा वाढवा."