व्युत्पत्ती पाडावी कशी?

नारळ पाडायचा तर माडावर चढावं लागतं. व्युत्पत्ती बसल्या जागी पाडता येते, म्हणून गुडघे दुखायला लागले की मालवणी माणसाने हा उद्योग हाती घ्यावा. गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येतं. सिंधुदुर्ग किल्ला बघून पाहुणा जेटीवर उतरतो. उन्हाने तो लालबुंद झालेला असतो, सुरमईच्या थाळीला अजून अवकाश असतो, आणि तेवढ्यात एखादा शब्द त्याच्या कानावर पडतो. "काका, असं का म्हणतात हो?" या प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर देणारा मालवणात अजून जन्मायचाय.

आमच्या आबाने, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, ही सेवा आयुष्यभर फुकट केली. पुढचं मार्गदर्शन त्याच्या पडवीत बसून मिळवलेलं आहे. इच्छुकांनी लाभ घ्यावा.

पहिली गोष्ट, खरी व्युत्पत्ती सांगायच्या भानगडीत पडू नये. मी एकदा पडलो होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर बांगड्याच्या टोपल्यांवर बोली लागली होती आणि पुण्याच्या एका जोडप्याने 'लिलाव' शब्द कुठून आला, असं विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की पोर्तुगीज भाषेतून. नवरा हसला. मी पुढे पगार, चावी, बादली आणि तुरुंगही तिकडचेच असल्याचं सांगितलं. (कारकुनाचं अख्खं आयुष्य पोर्तुगिजांनी चार शब्दांत बसवलंय, पण ते असो.) बायको नवऱ्याला हळूच म्हणाली, "यांना ऊन लागलंय."

मग आबा पुढे झाला. पूर्वी म्हणे इथे लीला नावाची एक मासेवाली होती. पेडवे विकायची आणि सुरमईच्या किमतीचा आव आणायची. लीलाचा आव, म्हणून लिलाव. नवऱ्याने वही काढली. तरी पुणेकरच तो, त्याने विचारलं, "पण मग ली ऱ्हस्व कशी झाली?" आबा शांतपणे म्हणाला, "सांजवेळी भाव उतरता मा? लीची लि झाली." वहीत तेही गेलं.

दुसरी गोष्ट, तारीख खरी वापरावी. तारीख खरी असली की उरलेल्या सगळ्यावर तिची सावली पडते. या बाबतीत पुणेकर आपले गुरू आहेत हे मान्य करावं लागेल. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, यात वाद नाही. 'धरावे'चं 'मारावे' करणारी आनंदीबाईची ती चिठ्ठी मात्र आख्यायिकेच्या बाहेर फिरकत नाही. पण 'ध चा मा' म्हणताना कोणी कागद मागितलाय? एका अक्षरावर अडीचशे वर्षं दुकान चालू आहे. याउलट इंग्रजांनी १७६५मध्ये आमचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. कागदोपत्री अगदी खरं नाव. जेटीवर जाऊन त्या नावाने होडीचं तिकीट मागून बघा.

तालीम हवी असेल तर जत्रांच्या दिवसांत दशावतार बघावा, आणि मध्येच उठून जाऊ नये. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोणी कोणाला मारायचं तेवढं नक्की होतं, बाकीचं बोलणं पुढे गेल्यावर सुचेल तसं. त्यातला संकासुर वेद चोरून येतो आणि मालवणीत हुज्जत घालतो. तो वेद चोरतो, आपण नुसते शब्द, म्हणजे पापही बेताचंच. त्या गडबडीत नजर पायपेटीवाल्यावर ठेवावी. नटाचं वाक्य अडलं की तो सूर धरून ठेवतो, मृदंग दोन थापा जास्त खातो, नट एक गिरकी घेतो, आणि तोवर वाक्य येतं. सगळी विद्या त्या गिरकीत आहे.

आपल्यापाशी पायपेटी नसते. आबापाशी पानाचा डबा होता. तो सुपारी कातरायला लागला की मजकूर अजून वाटेत आहे, असं समजायचं. पानाला चुना लागला की कथा तयार. ('चुना लावणे' इथूनच आलं, असं मी स्वतः तीन पाहुण्यांना सांगितलंय.)

पाहुण्याची प्रकृतीही बघावी लागते. मालवण हेच नाव घ्या. मिठागरांवरून महालवण, माडांच्या बनावरून माडवन, नाहीतर माळ अधिक वन, असं तिन्ही सांगतात. आबा माणूस बघून एक काढून द्यायचा. ब्लडप्रेशरवाल्याला त्याने कधी लवण सांगितलं नाही.

आणि साक्षीदार हवाच. गाऱ्हाण्यात एक जण मागणं घालतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. एकट्याच्या शब्दावर देवसुद्धा हलत नाही, तर पाहुणा कसा हलेल? पण साक्षीदाराने नुसती मान डोलावली तर संशय येतो. त्याने एखाद्या बारीकशा गोष्टीवर भांडावं. लीलाच्या वेळी आमचा शेजारी मध्येच म्हणाला, "लीला खंयची? तिची आवस ती!" मग आबा आणि तो लीला की लीलाची आई यावर पाच मिनिटं तावातावाने भांडले. त्या पाच मिनिटांत लीला मुळात होती की नव्हती, हा प्रश्नच निघाला नाही.

एवढं शिकून झाल्यावर मी एकट्याने एक व्युत्पत्ती पाडली. तिची हकीकत सांगतो, कारण मार्गदर्शनात धोक्याची सूचना असावी लागते.

मे महिना होता. आबा डोळे दाखवायला कणकवलीला गेला होता. आमच्याकडे उतरलेले एक गृहस्थ समुद्रावरून आले आणि ओल्या वाळूच्या चपलांनी काकीच्या ताज्या सारवलेल्या खळ्यातून सरळ चालत गेले. काकी ओरडली, "शिरा पडली ह्येच्या तोंडार!"

गृहस्थ खूश झाले. "काय म्हणाल्या त्या? गोड काहीतरी?"

खळ्यात कोकमं वाळत घातली होती. मी ती परतायला बसलो. दहा-बारा परतून झाल्यावर सुचलं. २५ नोव्हेंबर १६६४ला महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. खाऱ्या वाऱ्याने पाथरवटांची तोंडं कडू पडायची. म्हणून तटाचा एकेक थर पुरा झाला की किल्ल्यातल्या दूधबाव आणि साखरबाव या विहिरींच्या पाण्यात शिरा शिजवायचे आणि प्रत्येकाच्या तोंडात घालायचे. तोंडात शिरा पडला म्हणजे काम फत्ते.

"पण किल्ल्यात दहीबावही आहे ना?" गृहस्थ किल्ला नीट बघून आले होते.

"तेचो धयकालो करीत," मी म्हटलं.

"आणि शिरा पडला हवं. त्या पडली म्हणाल्या."

हे अवघड होतं. मी आणखी चार कोकमं परतली. "मूळ 'शिऱ्याची मूठ पडली'. मूठ गळली."

गडग्यापलीकडून शेजारी म्हणाला, "मूठ नाय, वाटी." झालं, शिक्कामोर्तब.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. रिक्षा दारात उभी होती. त्यांनी हिशेब चुकता केला, वर मुलांच्या हातावर खाऊला पैसे ठेवले, चपला हातात घेऊन खळं ओलांडलं आणि काकीपुढे वाकले. डोळ्यांत पाणी होतं. दोन्ही हात जोडून म्हणाले, "काकी, तुमच्या सगळ्या घराच्या तोंडावर असाच शिरा पडो!"

काकीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी गडग्याकडे बघितलं. शेजारी हळूच खाली बसत होता, आणि 'होय म्हाराजा' म्हणायला आसपास कोणीही नव्हतं.