आधी आडनाव चुकवा, मग पुस्तक सापडेल

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने हजारो मराठी पुस्तकं स्कॅन केली, हे उपकारच. पण पुस्तक जपणं आणि ते सापडू देणं ही बहुधा दोन वेगळी खाती असावीत. नोंदी रोमन लिपीत, त्याही टंकणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तशा. त्यामुळे एकच लेखक तीन-चार नावांनी नांदतो आणि त्या नावांची एकमेकांशी ओळखही नसते. पुढे मूळ संकेतस्थळच बंद पडलं, जुने दुवे मेले. प्रती इंटरनेट आर्काइव्हवर तगल्या, त्या 'इन.अर्नेट.डीएलआय.२०१५' या शिक्क्यासकट. (गोत्र कळतं, माणूस कळत नाही.)

उपाय नाहीत असं नाही. पत्ता बदलला तरी कायम राहणारा डीओआय हा ओळखक्रमांक २००० सालापासून आहे. लेखकाची सगळी नावं एका क्रमांकाखाली आणणारी व्हायाफ ही नावांची सूचीही आहे. पण त्यासाठी कुणाला तरी पुस्तकाचं पहिलं पान वाचावं लागतं. स्कॅनर आला की फीत कापता येते. दुरुस्त केलेल्या नोंदीसमोर कोण नारळ फोडणार?

तेव्हा वाचकहो, शोधताना शुद्धलेखन विसरा. 'श'साठी एकदा 'एस', एकदा 'एसएच' टंकून बघा; तेही फसलं तर आडनावच गाळा.