डूलॅली व्हाया घाटकोपर

इंग्रजी मला येतं. रजेचा अर्ज, बँकेला पत्र, सोसायटीच्या सभासदांना नोटीस, सगळं येतं. फक्त समोरचा माणूस इंग्रजीत सहज बोलायला लागला की येत नाही.

यात माझा दोष नाही, असं मी घरी नेहमी सांगतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. आम्हाला मुलुंडच्या मराठी शाळेत एबीसीडी भेटली ती थेट पाचवीत. जिभेला हाड नसतं म्हणतात. आमच्या जिभेला तोवर ते आलं होतं. त्यातून इंग्रजीच्या सरांचा असा ठाम समज होता की ही भाषा राणीने रजेचे अर्ज लिहिण्यासाठीच तयार करवून घेतली. ‘आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात. म्हणजे ताप आम्हालाच यायचा आणि भीकही आम्हीच मागायची. खाली ‘युअर मोस्ट ओबीडियंट’ म्हणून वर्गातला सगळ्यात वांड मुलगा सही करायचा. घरी वडिलांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिची पानं गळाल्यावर मी रॅपिडेक्स घेतलं, कारण जाहिरातीत कपिल देव होता. ज्याने १९८३ साली टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ ठोकले, तो माणूस आपल्याला कशाला फसवेल?

एवढ्या शिदोरीवर अंधेरीला सीप्झजवळच्या एका कंपनीत, अकाउंट्समध्ये, माझी निम्मी नोकरी निर्धोक गेली. ‘काइंडली डू द नीडफुल’ या एका वाक्यावर माणूस प्रॉव्हिडंट फंडापर्यंत पोचू शकतो. मग आमची कंपनी एका विलायती कंपनीने घेतली आणि घडी बसवायला लंडनहून एक साहेब काही महिने अंधेरीत मुक्कामाला आले.

पहिल्याच सकाळी लिफ्टपाशी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘यू ऑल राइट?’ मी म्हटलं, ‘येस सर.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता, आपल्याकडे ‘बरा आहेस ना रे?’ असं कोण कधी विचारतं? चेहरा उतरलेला दिसला, घाम फुटलेला दिसला की. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, एवढं करून आलेल्या माणसाचा चेहरा कसा असणार, हे मान्य. पण रोज कोणीतरी काळजीने चौकशी करतंय म्हटल्यावर मला खरंच छातीत भरल्यासारखं व्हायला लागलं. बायको म्हणाली, ‘अहो, परका माणूस विचारतोय म्हणजे काहीतरी दिसत असेल. तपासून घ्या.’ रक्त दिलं. साखर वर निघाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ‘यू ऑल राइट?’ म्हणताच मी रिपोर्टच पुढे केला. साहेबांनी तो उपाशीपोटीच्या आकड्यापासून कोलेस्टेरॉलपर्यंत शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला आणि त्या दिवसापासून मला नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणायला लागले. इंग्रजी माध्यमात शिकलेली माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, तो फक्त हॅलो म्हणत होता.’ असेल. पण त्यांच्या हॅलोने माझी साखर पकडली. आमच्या फॅमिली डॉक्टरांना ते इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

अर्थात साखर वाढली तीही साहेबांमुळेच. वार्षिक हिशेब त्यांच्यापुढे मांडले तेव्हा ते म्हणाले, ‘क्वाइट गुड.’ त्या रात्री घरी शिरा झाला. नंतर खर्च कमी करण्याची माझी एक योजना ऐकून म्हणाले, ‘दॅट्स अ व्हेरी ब्रेव्ह आयडिया.’ त्या रात्री केळं घालून शिरा. इंग्रजांच्या तोंडी ‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘चालेल कसंतरी’ आणि ‘ब्रेव्ह’ म्हणजे ‘वेड लागलंय का?’, हे कळेपर्यंत रव्याचा डबा रिकामा झाला होता. ज्या समाजात शिवी आणि शाबासकी एकाच चेहऱ्याने देतात, तिथे शाळेतलं व्याकरण काय कामाचं?

तेव्हा मी ठरवलं की आपणही सहज बोलायचं. आठवीच्या वहीतले वाक्प्रचार आठवले. जुलैत गाड्या रखडल्या, तसा मी उशिराची मेल पाठवली: ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.’ साहेबांचं उत्तर आलं, ‘किती छान! माझी आजी असं म्हणायची.’ म्हणजे त्या वाक्प्रचाराला जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या आणि आमच्या मराठी शाळेत अजून त्याचं श्राद्ध घालणं चालू होतं. शिवाय ज्याने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, त्याने मांजर-कुत्र्यांवर का थांबावं? त्या दिवशी अख्खी राणीची बाग पडली होती.

मग बॉब आला. साहेब नवी संगणक-प्रणाली समजावत होते: हा आकडा इथे टाका, हे बटण दाबा, ‘अँड बॉब्ज युअर अंकल!’ मी जरा थांबलो आणि नम्रपणे म्हटलं, ‘नो सर. माय अंकल इज बबन.’ खरंच आहे. बबनमामा घाटकोपरला भटवाडीत राहतो. साहेबांना वाटलं मी विनोद केला. ते इतके हसले की मग मीही तो केला असं ठरवून टाकलं. ‘की झालंच म्हणून समजा’, एवढाच त्याचा अर्थ. या बॉबची एक गोष्ट सांगतात. १८८७ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी, नाव रॉबर्ट म्हणजे बॉब, यांनी आयर्लंडचा कारभार बघायला चीफ सेक्रेटरी नेमला तो आर्थर बाल्फोर, सख्ख्या बहिणीचा मुलगा. म्हण यावरूनच निघाली का, यावर जाणकार भांडतात. पण नातं खरं आणि नेमणूकही खरी. मराठी वाचकाला याची फोड करून सांगायला नको. आपल्याकडे काका-पुतण्या, त्यांच्याकडे मामा-भाचा. बबनमामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘अरे, मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. फार तर तुला खिडकीची जागा दिली असती.’

साहेब लंडनला परतले आणि आमच्या भेटी दर सोमवारी पडद्यावर होऊ लागल्या. त्यात एका चौकटीत शांघाय ऑफिसच्या अकाउंट्समधल्या बाई असायच्या आणि अधूनमधून अमेरिकेचा कोणीतरी. एकदा साहेब म्हणाले, हा विषय ‘टेबल’ करू या. अमेरिकेने कागद बाजूला ठेवले, लंडनने उघडले. एकाच शब्दाचा अर्थ लंडनमध्ये ‘चर्चेला घ्या’ आणि अमेरिकेत ‘गुंडाळून ठेवा’! दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ हमरीतुमरीवर आले होते, आणि दोघांनाही हवं होतं एकच, असं चर्चिलने स्वतः लिहून ठेवलंय. तो सोमवार मला फार आवडला. घोटाळा झाला आणि त्यात मी नव्हतो.

तो आनंद फार टिकला नाही. वर्षअखेरीचे हिशेब चालू असताना साहेब वैतागून म्हणाले, ‘द ऑडिटर्स हॅव गॉन कम्प्लीटली डूलॅली.’

माझा चेहरा उजळला. देवळाली! उच्चार साहेबी, पण गाव आपलं, नाशिकच्या अलीकडचं. माझी आत्या तिथल्या सॅनेटोरियममध्ये राहून आली होती. मी माइक सुरू केला. ‘व्हेरी गुड क्लायमेट, सर. बाय पंचवटी ऑर बाय तपोवन?’ पडद्यावरच्या सगळ्या चौकटी एकदम गोठल्या, तेव्हा मला आधी वाटलं नेटवर्क गेलं. मग साहेबांनी हळुवारपणे, एखाद्याला घरची वाईट बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं की ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला.

एरवी मी गप्प बसलो असतो. पण इथे प्रश्न आत्याच्या गावाचा होता. घरी येऊन मुलीला कोश शोधायला लावला, आणि हरखलोच. डूलॅली म्हणजे देवळालीच! इंग्रज सरकारने तिथे मोठी छावणी उभारली होती. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी तिथे येऊन थांबायचे. बोटी सुटायच्या त्या हिवाळ्याच्या मोसमात. ज्याची मुदत मोसम संपता संपता भरायची, त्याला पुढच्या बोटीपर्यंत महिनोन्‌महिने तिथेच बसावं लागे. हाताला काम नाही, वर ऊन, खिशात दारूपुरते पैसे आणि अंगात हिवताप. बिचारे बरळायला लागायचे. त्या अवस्थेला शिपायांच्या बोलीत नाव पडलं ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे आपला ताप, साधा सरळ ताप. पुढे ताप उतरला, डूलॅली तेवढं राहिलं. ज्या हवेने माझी आत्या बरी झाली, त्याच हवेत गोऱ्यांची डोकी फिरली. हवेला तरी माणसं ओळखता येतात म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सविस्तर मेल लिहिली. ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय बेग टू स्टेट’ इथपासून. मुद्देसूद. शेवटी बीबीसीच्या त्या जुन्या मालिकेचाही दाखला दिला, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, १९७४ ते १९८१, सुरुवातीचे भाग देवळालीच्या छावणीत घडणारे. ती साहेबांनी लहानपणी आवडीने बघितली होती, तरी त्यांच्या डोक्यात कधी प्रकाश पडला नव्हता. त्यांचं उत्तर आलं: ‘वेल, आय नेव्हर!’ पुढच्या क्रियापदाची मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली.

पण त्या सोमवारची खरी कमाई वेगळीच. बैठक संपताच शांघायच्या बाईंचा खासगी निरोप आला: ‘मलाही ते गावच वाटलं होतं.’

आमची गट्टी जमली ती तिथून. लंडनच्या इंग्रजीने आम्हा दोघांचाही सारखाच छळ मांडला होता. बाई म्हणायच्या, आम्ही शाळेत शब्दांच्या याद्याच्या याद्या पाठ करतो, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवतो, आणि कोणी ‘व्हॉट्स अप?’ विचारलं की वर बघतो. त्यांच्याकडेही म्हणींचं दुकान जबर आहे. चार अक्षरांत म्हण संपते. आपल्यासारखं अंगण, नाच, वाकडेपणा असा संसार मांडत बसत नाहीत. पण माल तोच. विहिरीच्या तळाशी बसून आभाळ मोजणारा बेडूक त्यांच्याकडेही आहे. आपण त्याला कूपमंडूक म्हणतो. आपण गाढवापुढे गीता वाचतो, ते बैलापुढे तंतुवाद्य वाजवतात. माझं इंग्रजी कसं वाटतं असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘मामा-हूहू.’ मला वाटलं, यांच्याकडेही बबनमामाची बातमी गेली. तर त्याचा अर्थ ‘घोडा-घोडा वाघ-वाघ’, म्हणजे धड ना हे धड ना ते, चाललंय आपलं.

एकदाच जरा बिनसलं. माझं मोठं सादरीकरण होतं, आदल्या तिमाहीत खर्च का वाढला यावर, म्हणजे आगच. सुरू व्हायच्या आधी बाईंनी लिहिलं, ‘ॲड ऑइल!’ आता आगीत तेल ओता असं कोणी सांगितलं तर राग येणार नाही? मी दोन दिवस कामापुरतंच बोललो. मग कळलं की चिनी माणूस कोणाला हुरूप द्यायचा झाला की ‘तेल घाल’ म्हणतो. मैदानात ओरडतात, परीक्षेला जाणाऱ्या मुलांना सांगतात. २०१८ साली तर ते ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसलं. मी त्यांना आमच्या ‘हर हर महादेव’ची ओळख करून दिली आणि प्रकरण मिटलं.

कोरोनाच्या आदल्या वर्षी बाई कामासाठी मुंबईला आल्या. बायकोने जेवायला बोलावलं होतं, म्हणून संध्याकाळी अंधेरीहून त्यांना मुलुंडला घेऊन निघालो. कंपनीची गाडी नाकारून मीच मेट्रोचा आग्रह धरला, कारण २०१४ पासून तिच्यामुळे माझं आयुष्य सुसह्य झालंय आणि पाहुण्यांना आपण आपल्याकडचं चांगलं तेच दाखवतो. घाटकोपरला मात्र मी हिशेबात चुकलो होतो. मेट्रोतून उतरलेली सगळी अंधेरी रेल्वेच्या पुलावर ओतली जात होती आणि खालून तेवढंच घाटकोपर वर चढत होतं. बाई जिन्याच्या तोंडाशी थबकल्या, फोन काढला आणि डोळे विस्फारून म्हणाल्या, ‘पीपल माउंटन, पीपल सी!’ लंडनच्या साहेबांना हे सात जन्मांत कळलं नसतं. मला एका झटक्यात कळलं. जनसागर आपल्याकडे रोज असतोच, त्यांनी फक्त डोंगर वाढवला होता.

तेवढ्यात मागून एक काकू कडाडल्या, ‘ओ मॅडम, फोटो घरी जाऊन काढा! चला पुढे, गाडी जाईल आमची!’

बाई मुकाट चालू लागल्या. दहा पायऱ्या उतरल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, त्या काय म्हणाल्या?

‘ॲड ऑइल,’ मी म्हटलं.

बाई तिथल्या तिथे वळल्या, दोन्ही हात जोडून काकूंना मनापासून ‘थँक यू’ म्हणाल्या, आणि काकूंची सहा सत्तावनची डोंबिवली गेली.