भुतांची सोसायटी, संतांचा फ्लॅट

नागपूरच्या मिहान प्रकल्पात भुतांची टंचाई कधीच नव्हती. इथे कार्गो हब आहे असं म्हणतात. तो पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. विमानतळाची दुसरी धावपट्टी कित्येक वर्षं नकाशात नांदते आणि निवडणूक जवळ आली की दर्शन देते. नोव्हेंबर 2019 मध्ये तर खराखुरा पट्टेदार वाघ या भागात येऊन गेला. वनखात्याच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटोही आला. एवढी मोकळी जमीन पाहून त्याला हे अभयारण्यच वाटलं असणार, त्याचा काय दोष? असं सगळं घरचं असताना इथल्या गृहसंकुलांना 31 ऑक्टोबरला बाहेरची भुतं मागवावी लागतात. तीही ऑनलाइन, आणि साइज चुकला तर बदलून मिळणारी.

आमच्या सोसायटीत कॅथलिक घर एकच. त्यामुळे हॅलोविन ठरला तेव्हा कमिटी थेट त्यांच्या दारात गेली. "सर, तुमचा सण आहे. तुम्हीच अध्यक्ष व्हा." त्या घरच्या साहेबांचं आयुष्य नागपूरच्या सदर भागात गेलेलं, वडील रेल्वेत. नाताळला घरी कलकल, डोनट आणि मध्यरात्रीची मिस्सा. हॅलोविन त्यांनी पाहिला तो इंग्रजी सिनेमात. तरी बिचाऱ्यांनी समजावून सांगितलं, की 1 नोव्हेंबर हा सकल संतांचा सण, आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सगळ्या संतांच्या नावानं चॅपल अर्पण केलं तेव्हापासूनचा. 2 नोव्हेंबर मृतांच्या प्रार्थनेचा, तो क्लूनीच्या मठातल्या ओडिलो नावाच्या मठाधिपतींनी दहाव्या शतकाच्या अखेरीस लावून दिला. 31 ऑक्टोबर ही नुसती संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. आयरिश लोक त्या संध्याकाळी सलगम कोरून दिवा लावत, अमेरिकेत गेल्यावर त्यांना कोहळं सापडलं, आणि पुढचं सगळं दुकानदारांनी पाहून घेतलं.

सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचाच झाला ना?"

अध्यक्षपद गळ्यात पडलं. आता साहेबांना चिंता चर्चची. हॅलोविनवर रोमची सरसकट बंदी नाही. पण भुताखेतांचं सोंग काही फादरांना बिलकुल खपत नाही. त्यांचा उपाय असा, की मुलांनी संतांचा वेष करावा. पॅरिसच्या धर्मप्रांतानं 2002 मध्ये 'होलीविन्स' या नावानं हेच सुरू केलं होतं. साहेबांच्या मिसेस, म्हणजे आंटी, खूश झाल्या. मुलगा असिसीचे संत फ्रान्सिस होईल, शेजारी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ठेवू, प्राणिप्रेमही दिसेल आणि खर्चही नाही.

पण मुलांच्या हाती संतचरित्रांचं पुस्तक पडलं होतं.

मुलानं संत डेनिस निवडले. तिसऱ्या शतकातले पॅरिसचे बिशप. मुंडकं उडवल्यावर ते स्वतःच उचलून चालत निघाले, अशी आख्यायिका. मुलीनं संत लुसी घेतली, तिच्या चित्रात तबकात दोन डोळे असतात. पाहुणा आलेला मामेभाऊ संत बार्थोलोम्यू झाला. यांची जिवंतपणी कातडी सोलली म्हणतात. मायकेलअँजेलोनं त्यांच्या हातात ती कातडी देऊनच चित्र काढलंय. मामेभावानं आंटींची जुनी गुलाबी चादर दंडावर टाकली आणि काम भागवलं. संध्याकाळी क्लब हाउसमध्ये ही तिघं धर्मनिष्ठ बालकं शिरली तेव्हा तीन ड्रॅक्युला आणि एक हाडाचा सापळा आईच्या मागे लपले. पहिलं बक्षीस 'मुंडकं हातात घेतलेल्या भुताला' मिळालं. साहेब माइकवरून तो संत असल्याचं सांगत राहिले, पण डीजे चालू होता.

मग मुलं खाऊ मागायला मजल्यामजल्यावर गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं आणि त्या बुचकळ्यात पडल्या. "काऊन रे पोट्टेहो, बोजारा तं तान्ह्या पोळ्याले मांगतेत!"

आजींचं काय चुकलं? रघुजीराजे भोसले दुसरे यांच्यापासून नागपूरची पोरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागत आली आहेत. आश्विनात मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जायच्या, आणि खाऊ मिळण्याआधी तो ओळखून दाखवायच्या. तेवढी तरी परीक्षा होती. ईडा-पीडा घालवायला आपल्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक आहे, शिवाय बडग्याचा पुतळा, जो डोनाल्ड ट्रम्पपासून महागाईपर्यंत कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाही. आमच्या कमिटीनं तान्हा पोळा मागेच बंद केला, नंदीच्या चाकांनी लॉबीच्या टाइल्सवर ओरखडे पडतात म्हणून. भुलाबाई बंद झाली ती 'मुलींच्या टेस्ट असतात' म्हणून. हॅलोविनला चाकं नसतात, आणि त्या दिवशी टेस्टही नसाव्यात.

गेटवरच्या चौकीदारालाही चार झोम्बींनी घेरलं. तो याच भागातल्या एका गावचा, त्याचं वावर प्रकल्पात गेलेलं. "काका, डरले का?" तो हसला. "सातबारावरून माह्या बापाचं नाव गेलं, तवा डरलो होतो बाप्पा. तुमाले काय डरू!" झोम्बींना सातबारा माहीत नव्हता. त्यांनी त्याला एक चॉकलेट दिलं.

सजावटीला कोरलेल्या कोहळ्यांचं मात्र वाईट वाटलं. आतला गर कचऱ्यात आणि साल गच्चीवर, विदर्भात! एवढ्यात अख्ख्या विंगसाठी बोंडं झाली असती.

आता सेक्रेटरीसाहेबांना एक जाहीर विनंती. हॅलोविन पुढच्या वर्षीही खुशाल करा, पोरांनी वर्षातून एकदा तरी मोबाइल खाली ठेवला. पण अध्यक्षपद दुसऱ्या कुणाला द्या. कॅथलिकांना 2 तारखेला सकाळी फुलं-मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जायचं असतं, आणि यंदा तुमचा मंडप तेव्हाही पार्किंगमध्ये उभाच होता. साहेबांना गाडी काढता आली नाही, घरचे चौघं ऑटोनं गेले. मंडपवाल्याला 1 तारखेलाच बोलवा. आणि टाइल्सचं म्हणाल, तर नंदीच्या चाकांना रबर लावून मिळतं, वीस रुपयांत.