पोट लहान, तोंड तेवढंच

दात कोरून पोट भरत नाही, असं आपण म्हणतो. वजन उतरवण्याची बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसासमोर मात्र जरा जपून म्हणावं. तिच्यातल्या ‘स्लीव्ह’ प्रकारच्या ऑपरेशनात जठराचा पाऊण हिस्सा काढून टाकतात. उरलेल्यात सुरुवातीला अर्धी वाटी वरणही जड होतं.

भोसरी एमआयडीसीत प्लेटिंग शॉपवर सुपरवायझर असलेले आमचे शेजारी याच वाटेने गेले. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, जिन्यात मधेच थांबून उगाच मोबाइल बघणं बंद झालं. वहिनींनी चार कप्प्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि लेकीची शाळेची डबी त्यांच्या पिशवीत घातली. सगळं झकास. दातांना तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

दोन वेळा जेवणारा माणूस आता दर दोन तासांनी चमचा-चमचा खातो. प्रत्येक खाण्यानंतर तोंडातले जंतू आम्ल करतात. ते निवळायला लाळेला साधारण अर्धा तास लागतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, एरवीही घोटघोटच, त्यामुळे तोंड कोरडं. त्यात सेकंड शिफ्टचा गोड चहा, तोही तासभर पुरवून. (चहा गरम असतानाच संपवावा, हे माझं जुनं मत, त्याला दंतवैद्यकाचा पाठिंबा मिळेल असं वाटलं नव्हतं.) शिवाय घास घाईत गिळला की उलटी, आणि उलटीनंतर खसाखसा ब्रश.

तो ब्रश दंतवैद्य बाईंनी थांबवला. जठरातलं आम्ल हायड्रोक्लोरिक असतं म्हणाल्या, तशी शेजाऱ्यांची कळी खुलली. “आमच्या पिकलिंगच्या टाकीत तेच की!” गंज काढायला जॉब त्यात बुडवतात आणि बाहेर काढला की आधी पाण्यात खळबळतात. दातांवरचं एनॅमलही आम्लाने मऊ पडतं; तेव्हाच ब्रश फिरवला तर खरवडून निघतं. आधी चूळ भरायची, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर उत्तम, अर्धा तास थांबायचं, मग ब्रश. टाकीशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी समजवावं लागलं नाही.

तुमच्या घरात कोणी ऑपरेशनची तारीख घेत असेल, तर त्याआधी दंतवैद्याची घ्या. पुढे घास अगदी पातळ होईपर्यंत चावायचा असतो, आणि किडक्या दाढेने ते होत नाही. पिंपरीत संत तुकारामनगरला डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. कॉलेजात वेळ जरा जास्त जातो. रजा टाकूनच जा.