कपाटाचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. कपाटाबद्दल कुणी काहीच म्हणून ठेवलेलं नाही, त्यामुळे मी मोकाट सुटलो.

आमचं लोखंडी कपाट गोदरेजचं आहे, हे मी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. तेही साधं गोदरेजचं नाही, लालबागचं! अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली आणि १८९७ मध्ये लालबागला कुलपं करायला घेतली. पुढे तिजोऱ्या आल्या, १९२३ मध्ये कपाटं आली. विक्रोळी फार नंतरची. तेव्हा विक्रोळीचं कपाट काय, कुणाच्याही घरी असतं हो, लालबागचं दाखवा, असा माझा एकूण सूर.

पुरावा म्हणजे कपाटाच्या कपाळावरची दोन भोकं. तिथे कंपनीची पाटी होती, हे मला लहानपणापासून आठवतं. भोकं एका रेषेत नाहीत, हे मेहुण्यांनी फोनमधली पाणसळ लावून दाखवून दिलं. ‘हातकामाचा काळ,’ मी म्हणालो.

मग पॉलिश पेपर घेऊन बाजू घासली. वर राखाडी, खाली आकाशी, त्याखाली शेवाळी हिरवा. हिरवा दिसला मात्र, माझ्या अंगात आलं. कारण हिरवा म्हणजे मतपेट्या! १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. शिक्का नाही, काही नाही. मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत सोडायची आणि बाहेर यायचं. म्हणजे जितके उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येक केंद्रावर, काश्मीर सोडून अख्ख्या देशात! लाखो पोलादी पेट्या लागल्या आणि त्यातल्या कितीतरी विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. बाहेरून कुलूप लावणं महाग पडत होतं, म्हणून आतल्या आत बसणारं कुलूप काढलं. एवढं सांगून झालं की मी कपाटाची मूठ फिरवतो, आतल्या कांबी खाड्कन वर-खाली सरकतात आणि पंडित नेहरूंचा निकाल आमच्याच बेडरूममध्ये लागल्यासारखी शांतता पसरते. कपाट लालबागचं आणि रंग विक्रोळीचा कसा, असं अजून कुणी विचारलेलं नाही. पाहुण्यांना चहा हवा असतो.

मूठ जड फिरते म्हणून कारागीर बोलावला. त्याने दाराला अंगठा दाबला. पत्रा आत गेला आणि ‘टुम्’ करून बाहेर आला.

‘बावीस गेज,’ तो म्हणाला. ‘लोकल माल आहे, काका.’

मी त्याला मतपेट्या सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात आई आतून आली.

‘बरोबर सांगतोय तो. माझ्या बाबांनी सांगलीत करून घेतलं होतं. हप्त्यांवर.’

कपाट तिच्या लग्नात आलेलं, हे मला माहीत होतं. हप्ते माहीत नव्हते. आजोबा प्राथमिक शिक्षक. इकडे आमच्या आजीने कपाटाला हात लावायच्या आधी पाटी शोधली आणि पुढे कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की, ‘लोकांच्या सुना गोदरेज घेऊन येतात,’ हे वाक्य ठरलेलं. मुलगी द्यायची आणि वर पत्र्याची जातही लावून घ्यायची! आजी माझी लाडकी, तिच्या मांडीवर मी वाढलो. पण हे ऐकून माझ्या हातातला पॉलिश पेपर मला नकोसा झाला.

‘मग पाटी?’

‘ती तुझ्या बाबांनी आणली. ऑफिसातलं फायलींचं मोडकं रॅक भंगारात निघालं, त्याची. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या तेवढ्यात बसवली.’

‘आजीला कळलं नाही?’

‘कळलं नसेल कसं? पण लेकाने लावली म्हटल्यावर बोलायची सोय राहिली नाही. पुढे दसऱ्याला त्या पाटीला कुंकू लावायच्या. त्या गेल्या, त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मीच काढून टाकली.’

मेहुण्यांनी फोन बाहेर काढला. ‘तरीच भोकं तिरपी.’

‘त्यांनी भिंतीला मारलेला एक खिळा सरळ दाखव मला,’ आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘आणि तू हे जे खरवडून ठेवलंयस ना, ते रविवारी रंगवून दे. हिरवा नको.’